पोडियमसरांची रजा

आमच्या कृषी महाविद्यालयात इंग्रजीतून संशोधन कसं सादर करायचं, हे सभागृहातला सागवानी पोडियम शिकवतो. रीतसर नेमणूक आहे. सगळे त्यांना पोडियमसर म्हणतात.

माझा विषय सोयाबीनवरच्या गोगलगायी. काम मनासारखं झालं होतं, पण इंग्रजीत बोलायला उभी राहिले की वाक्य अर्ध्यावरच अडायचं. समितीपुढे एकदा तोंडातून शब्दच फुटला नव्हता. पुन्हा तसं झालं तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द, असं प्राचार्य डोईफोडे यांनी बजावलं आणि मला पोडियमसरांकडे पाठवलं.

पहिल्या दिवशी मी सरांना दोन्ही हातांनी घट्ट धरून सुरुवात केली. रिस्पेक्टेड चेअरमन, रिस्पेक्टेड प्रिन्सिपल, डिग्निटरीज ऑन द डायस, डिग्निटरीज ऑफ द डायस. सगळ्यांचा मान राखेपर्यंत निम्मा वेळ संपला.

"बाई," सर म्हणाले, "गोगलगाय कधी यायची?"

"सर, आधी मान्यवरांचं नको का?"

"मान्यवर कुठं पळून चाललेत? सोयाबीन मात्र संपत आलं."

मग सरांनी मला पहिलं वाक्य दिलं: स्नेल्स ईट ॲट नाइट. मी पडद्यावरचं वाचून दाखवायला लागले की ते खाकरायचे. "ते लोकांना दिसतंय. तुम्ही शेतात काय पाहिलं ते सांगा. अडलं तर थांबा, शेवटच्या रांगेकडं बघा. आणि मला एवढं धरू नका, खांदे दुखतात."

"सवय आहे, सर."

"इथं सगळ्यांनाच आहे."

पण ते कधी चिडले नाहीत. एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकून घ्यायचे. इतकं माझं कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

सादरीकरणाच्या दिवशी मंचावर गेले, तर मंच मोकळा. सर जागेवर नव्हते.

"पोडियमसर किरकोळ रजेवर आहेत," प्राचार्य म्हणाले. "तुम्ही सुरू करा."

हात कुठे ठेवायचे तेच कळेना. तेवढ्यात शेवटच्या रांगेत, पंख्याखाली सर दिसले. रजेवर असल्यामुळे त्यांना पुढे येता येणार नव्हतं, हे मलाही समजत होतं.

"स्नेल्स ईट ॲट नाइट," मी म्हणाले. समितीतले बाहेरगावचे परीक्षक मोबाइल ठेवून ऐकू लागले. मध्येच एक शब्द अडला. मी थांबले, शेवटच्या रांगेकडे पाहिलं. सरांचा माइक किंचित खाली झुकला, आणि शब्द आला. परीक्षकांच्या एका प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं, तर माहीत नाही हेही न अडखळता इंग्रजीत सांगितलं. परीक्षक हसून म्हणाले, "गुड." नोंदणी टिकली.

शेवटी मी सरांचे आभार मानायला लागले, तर प्राचार्यांनी हात वर केला. "बाई, रजेवरच्या शिक्षकांचे आभार नियमात बसत नाहीत. ते रुजू झाले की माना."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आपल्या जागेवर रुजू झाले होते. मी समोर उभी राहिले, खांदे दुखतील म्हणून जरा लांबच. किती तरी बोलायचं होतं. मराठीतसुद्धा शब्द अडला, आणि डोळे भरून आले.

सरांचा माइक किंचित खाली झुकला.

"धरा, बाई," ते म्हणाले. "आज चालेल."