बिरजूच्या तोंडावरचा नाका

रंभानं बिरजूला दाराच्या उजेडात धरलं, त्याची हनुवटी वर केली आणि हाक मारली, "अवो, इकडं या बरं जरा. पोट्ट्याच्या तोंडाले का झालं पाहा."

मनसाराम दाढी करत बसला होता. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. तसाच उठून आला. अडीच वर्षांच्या बिरजूच्या ओठांभोवती लालभडक कडं उठलं होतं. बारीक पुरळ, आणि मधूनमधून कातडी सोलल्यासारखी. नाकाखालून निघालेलं ते कडं हनुवटीला वळसा घालून परत नाकाखाली पोचलं होतं. साहेबानं नकाशावर राखीव जंगलाची हद्द आखावी, इतकं चोख.

"का खाल्लं यानं?"

"का खाईन? तुमच्या कागदावर हाये तेच."

हा कागद काय ते सांगायला हवं. मनसाराम जंगलखात्यात नाकेदार होता. चांदा जिल्ह्यातल्या एका आडरस्त्यावर त्याचा नाका. रस्त्यात आडवा बांबू, बाजूला झोपडी, झोपडीत वही. सागवान असो, डिंक असो, मोहफुलं असोत, पास दाखवल्याशिवाय गाडी बांबूपलीकडे जात नसे. तीन आठवड्यांमागं बिरजूला जुलाब लागले. गडचिरोलीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, महिनाभर पातळ पेज, मुगाचं पाणी, ताक. तेल नाही, तिखट नाही, गूळ नाही, रानातलं फळ तर नाहीच नाही.

दुसऱ्या कोणी हे घरी येऊन तोंडी सांगितलं असतं. मनसारामनं लाल शाईनं लिहून काढलं. "बिरजूचे तोंड हा नाका समजावा. नाकेदाराच्या परवानगीशिवाय कोणताही माल आत जाणार नाही." खाली सही. सही करूनही मन भरेना, म्हणून कागद चुलीजवळच्या दाराला चिकटवून त्यावर लाकडावर शिक्का उमटवायची सरकारी हातोडी मारली. शिक्का उमटला आणि दाराची फळी तडकली.

आठवड्यात जुलाब थांबले. पुढच्या दोन आठवड्यांत बिरजूचे गाल वर आले. पोट सुटलं. नुसत्या पेजेवर पोरगं असं बाळसं धरतं हे पाहून मनसाराम नाक्यावर थांबलेल्या गाडीवानांना बोलून दाखवायचा, "कायदा मंजे कायदा. घरात असो का रानात."

आणि आता हे कडं.

शेजारची सुगंधाबाई विस्तव मागायला आली होती. ढिमरांच्या घरची बाई, नवरा तळ्यावर जाळं टाकायचा, आणि ही गावात बातम्या टाकायची. तिनं बिरजूकडे पाहिलं, हातातली गोवरी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

"माता आली वो घरात!"

"काई माता-गिता नाई," मनसाराम म्हणाला. "अंग पाहा, थंडगार हाये. देवी बी टोचल्या हायेत त्याले."

"पयल्या दिवशी थंडच असते, नाकेदार. माता का पास दाखवून येते?"

मनसारामची आई गुणाबाई तोवर देवापुढून उठून आली होती. तिनं नातवाचं तोंड पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नातवासाठी कमी आणि लेकीसाठी जास्त होतं.

कारण परवा, गुरुवारी, कमळाचं साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता. मनसारामची ही धाकटी बहीण. आधीचं एक स्थळ ऐनवेळी फिरलं होतं. दुसरं हे आरमोरीकडचं, तीन कोसांवरचं. घर चांगलं, धानाची शेती, मुलगा सरळ. फक्त मुलाचा बाप गुणवंतराव मातेला फार भ्यायचा. मागच्या साली एका घरी मुलगी पाहायला गेला, दारावर कडुलिंबाचा टहाळा दिसला, आणि गाडीतून न उतरताच बैल वळवले. ते स्थळ तिथंच संपलं होतं. हे सगळ्या मुलखाला माहीत होतं.

माता आली की दारावर कडुलिंब लावायचा. कढई चढवायची नाही, फोडणी द्यायची नाही, पाहुणा घ्यायचा नाही, घरच्या पुरुषानं दाढी करायची नाही. आणि गुरुवारी पंचवीस माणसांचे वडे तळायचे होते.

"थांबा," मनसाराम म्हणाला. "हे खाण्याचं हाये. कोणी तरी माल आत सोडला. मी पंचनामा करतो."

त्यानं साबण पुसला, वही आणली आणि सगळ्यांना अंगणात उभं केलं.

"रंभा, तू का चारलं?"

"पेज."

"माय, तू?"

"मुगाचं पाणी रे बाप्पा. मी काऊन दुसरं देईन?"

"कमळा?"

"ताक," कमळा खाली पाहून म्हणाली.

"बाबा, तुम्ही?"

त्याचे वडील भैयाजी घोंगडीवर बसले होते. ते उसळले, "मी त्याचा आजा होय, सागवान-चोर नाई! मले का इचारतं रे?"

"नियम हाये, बाबा."

"मंग लिव. आज्यानं काई देल्लं नाई."

मनसारामनं लिहून घेतलं. शेवटी स्वतःचं नाव लिहिताना पेन जरा अडखळलं. बिरजू रोज दुपारी त्याच्याबरोबर नाक्यावर असायचा. वैशाखाचे दिवस, रानात टेंभुर्णीची फळं, टेंभरं, पिवळी झालेली. गाडीवान फडक्यात बांधून आणत आणि नाकेदारापुढं ठेवत. पोरगं टुकुटुकु पाहायचं. बापाचं काळीज ते, किती कायदा करणार? एखादं टेंभरू द्यायचं आणि लगेच खाकी बाहीनं तोंड पुसायचं. पण एका टेंभरानं का होतं? मनसारामनं स्वतःच्या नावापुढं लिहिलं, "काही नाही." मग सगळ्यांचे अंगठे घेतले.

आणि तिथंच फसला.

"मंग झालं," गुणाबाई अंगठ्याची शाई पुसत म्हणाली. "कोणीच काई चारलं नाई, हे तूच लिवलं. खाण्याचं नाई मंजे माताच."

मनसारामनं वहीत पाहिलं. पंचनामा पक्का होता. त्यातून सुटायला फटच नव्हती.

दहा मिनिटांत दारावर कडुलिंब लागला. बिरजूच्या तोंडाला पाला आणि हळद वाटून लावली. मनसाराम उरलेला गाल करायला बसला तर गुणाबाईनं वस्तरा काढून घेतला.

"माय, अर्धी झाली न!"

"अर्धी राहू दे. मातेले राग येईन."

"गुरुवारी पाहुण्यापुढं असा बसू?"

"पाहुणा येईन तवा न!" म्हणून ती पुन्हा रडायला लागली.

साक्षगंधासाठी आणलेलं हिरवं लुगडं कमळानं घडी न मोडता तसंच उचललं आणि पेटीत, सगळ्यात खाली ठेवलं. मनसारामनं ते पाहिलं. त्या रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही. तसंही फोडणी नव्हतीच.

ठरलं असं, की बुधवारच्या संध्याकाळपर्यंत थांबायचं. पुरळ उतरलं तर कडुलिंब काढायचा आणि गप्प बसायचं. नाही उतरलं तर निरोप धाडायचा. पण बुधवारी सकाळीच अंगणात घुंगरं वाजली. गुणवंतराव एकटाच, एक दिवस आधी.

"उद्या माणसं येतीन," गाडीतूनच त्यानं सांगितलं. "म्हणलं, आपुन आधी घर पाहून घ्यावं. बसाले जागा किती, पाणी कुठी."

ऐन उन्हात त्याचं नाकतोंड शेल्यानं गच्च बांधलेलं होतं. फक्त डोळे दिसत होते. गुणाबाईनं रंभाचा हात दाबला. "त्याले समजलं वो. मातेच्या भेवानं तोंड बांधून आला."

मनसाराम पुढं झाला. अर्धा गाल गुळगुळीत, अर्धा खुंटाचा. "या जी, या. धूळ फार हाये न रस्त्यानं?"

"हाव," शेल्याआडून आवाज आला. मग डोळे दाराकडे गेले. "अन् हा लिंब?"

"तो... मांडवाची तयारी. आंब्याचा टाळा भेटला नाई."

"आंब्याच्या झाडाखाली तं गाडी उभी केली म्या."

"त्याच्यावर मुंगळे हायेत जी."

डोळे मनसारामच्या गालावर आले. मनसाराम आपणहून म्हणाला, "वस्तऱ्याची धार गेली, अर्ध्यातच."

मुंगळ्यांचं पटलं असावं, गुणवंतराव गाडीतून उतरून ओसरीवर टेकला. रंभानं चहा आणला. त्यानं हात हलवला, "नोको." पाणी आणलं. "नोको." मातेच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही म्हणजे याला सगळं कळलं, हे आता घरातल्या प्रत्येकाला कळलं. सुगंधाबाई कुडाच्या फटीतून पाहत होती, तीही थबकली.

आणि बिरजू सुटला. त्याला मागच्या खोलीत कोंडलं होतं. तो हिरवंपिवळं तोंड घेऊन दुडूदुडू आला, नव्या माणसाकडं पाहून हसला, आणि थेट गुणवंतरावाच्या मांडीवर चढून बसला.

गुणवंतरावानं पोराच्या गालावरचा लेप बोटानं बाजूला केला. लाल कडं दिसलं.

"हे का होय?"

गुणाबाईनं हात जोडले, "इवाई, माता..."

"माता नाई जी!"

आवाज आतून आला होता. होणाऱ्या सासऱ्यापुढं सुनेनं बोलायचं नसतं, आणि कमळा दारात येऊन उभी होती. पदर डोक्यावर. "मी त्याले कैरीचं लोणचं चारलं. लपवून. दिवसातून तीनदा. तो मांगतच होता. त्यानंच झालं हे. माता नाई आमच्या घरी."

रंभाच्या तोंडून एकदम निघालं, "लोणच्यानं काऊन होईन, बाई? मीच चटणी-तेल लावून भाकर देत होती. पेजेनं पोट्टा झोपेच ना!"

"अन् मी देवापुढचा गुळाचा खडा," गुणाबाई म्हणाली. "परसाद होता. परसादाले कागद नसते."

भैयाजी घोंगडीतच आक्रसले. "उकडलेली मोहफुलं," ते म्हणाले. "चार दाणे. सकाळ-संध्याकाळ. लय आवडते त्याले."

"म्या बी," कुडाच्या फटीतून आवाज आला. "सुक्या झिंग्याची चटणी. चिमूटभरच वो!"

"तू?" गुणाबाई उखडली. "अन् माता आली म्हणून बोंब तूच मारली न?"

"मंग का आपलं नाव सांगू?"

सगळे मनसारामकडं पाहायला लागले. तो आपल्या खाकी बाहीकडे पाहत होता. बाहीवर टेंभरांचे पिवळे डाग होते.

"टेंभरं," तो म्हणाला. "नाक्यावर. एक."

"एक?" भैयाजींनी विचारलं.

"चार."

गुणवंतरावानं शांतपणे विचारलं, "एवढं चारलं, अन् एकमेकाले दिसलं कसं नाई?"

"पुसत होतो न जी."

"कायनं?"

रंभानं पदर दाखवला, जाडाभरडा. कमळानं आतून गोणपाटाचा तुकडा आणला. भैयाजींनी घोंगडीचं टोक पुढं केलं. गुणाबाई भांडी घासायच्या फडक्यानं पुसायची, "पण ओलं करून," असं तिनं दोनदा सांगितलं. मनसारामनं हात वर केला, खळ घातलेली बाही कागदासारखी वाजली.

"वासराच्या तोंडाले मुसकं बांधतो न आपुन," गुणवंतराव म्हणाला, "ते घासलं की असंच कडं उठते. गोल. मुसक्याएवढंच. माता अशी मोजून गोल येत नाई. अंग गरम हाये का याचं? नाई. मंग तुमच्या चारण्यानं काई झालं नाई. पुसण्यानं झालं. चार दिवस याच्या तोंडाले कपडा लावू नोका. लोणी लावा."

"अन् उद्या?" गुणाबाईनं विचारलं.

"उद्या का? येतो न आम्ही. पंचवीस माणसं." तो दाराकडे वळून म्हणाला, "अन् ते लोणचं ठेवजा थोडं."

कमळा आत पळाली. थोड्या वेळानं पेटी उघडल्याचा आवाज आला. गुणाबाईनं कडुलिंब ओढून काढला. रंभानं तिथल्या तिथं कढई चढवली. मनसारामनं दारावरचा कागद फाडायला हात घातला, पण हातोडीचा शिक्का फळीत घुसलेला होता, तेवढा तुकडा निघेना. सही आणि "परवानगीशिवाय" एवढेच शब्द दाराला राहिले.

गुणवंतराव निघाला तेव्हा मनसाराम नाक्यापर्यंत सोडायला गेला. मनात एक गोष्ट टोचत होती. धानाचा शेतकरी, घरात लहान पोर नाही, यानं कड्याकडे पाहिलं आणि लगेच ओळखलं कसं?

बांबूपाशी गाडी थांबली. गुणवंतरावानं मागंपुढं पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"पाणी असलं तं पाजा जी आता."

मनसारामनं झोपडीतून गडवा आणला. गुणवंतरावानं शेला खाली ओढला.

पांढऱ्या मिशांखालून निघालेलं लाल कडं हनुवटीला वळसा घालून परत मिशांखाली पोचलं होतं.

"सहा महिने झाले," गुणवंतराव पाणी पिऊन म्हणाला. "वैद्यानं गोड बंद केलं, तेल बंद केलं. घरी तुमच्या इहिणबाईनं कागद नाई लावला, पण डोये लावले हायेत. मोठी सून चोरून देते थोडंथोडं. मंग पुसा लागते." त्यानं झोपडीच्या कोपऱ्यातल्या फडक्याकडे पाहिलं. "ते टेंभरंच होय न?"

मनसारामनं फडकं पुढं केलं. गुणवंतरावानं एक खाल्लं. मग दुसरं. चौथ्याला रस मिशांवरून ओघळला, आणि मनसारामचा हात सवयीनं आपोआप वर गेला, खाकी बाही पुढं करून.

गुणवंतरावानं त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या," तो म्हणाला, आणि शेला नाकापर्यंत ओढून घेतला.

नाकेदारानं बांबू वर केला. गाडी पलीकडे गेली. उरलेली टेंभरं फडक्यासकट गाडीत होती, आणि आत काय माल चाललाय हे मनसारामनं त्या दिवशी वहीत लिहिलं नाही.