इदवालचा उजवा बूट

"दोन वर्षांत टीव्हीवर दिसलो नाही, तर नाव बदला माझं!" बस डेपोत गणवेश परत करताना इदवाल प्रॉसरने सगळ्यांना ऐकवलं. बारा वर्षं एकशेवीस नंबरची बस हाकणारा हा माणूस आता डार्टचा, म्हणजे बोर्डावर छोटे बाण फेकायच्या खेळाचा, व्यावसायिक खेळाडू झाला होता. त्या वर्षीची पात्रता स्पर्धा नेमकी आमच्याच खोऱ्यात, शेजारच्या गावात झाली आणि इदवालने भल्याभल्यांना धूळ चारून मोठ्या स्पर्धांत खेळायचं दोन वर्षांचं कार्ड मिळवलं.

आमच्या कुम्ग्लास गावच्या क्लबात तर सतरा वर्षांत त्याला कुणी हरवलेलं नव्हतं. क्लबचे सेक्रेटरी हेडन बेडो दर मंगळवारी त्याच्याकडून हरायचे आणि कोट चढवताना म्हणायचे, "पुढच्या मंगळवारी बघतो तुला!"

पण खोऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि सगळंच बिनसलं! इदवाल हरला. पुन्हा हरला. विगनला तर एका निवृत्त दंतवैद्याने त्याला हरवलं! प्रत्येक डार्ट बोटभर उजवीकडे. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या बोर्डावर फेकले, की तेच डार्ट मुकाट जागेवर!

हे काय गौडबंगाल आहे, याचा छडा लावायचा अख्ख्या गावाने ध्यास घेतला.

"डोळे तपास," हेडन म्हणाले.

"तपासले. ठणठणीत आहेत."

"मग शर्ट. त्या जांभळ्या शर्टात तू पडद्यासारखा दिसतोस, गड्या!"

शर्ट बदलला. डार्ट उजवीकडेच. खाटिकाने सांगितलं म्हणून सामन्याआधी मटार बंद केले. डार्ट उजवीकडेच, वर जेवणही बेचव!

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला एकच स्पर्धा उरली, तीही टीव्हीवरची. दोन खेळाडू आजारी पडले म्हणून इदवालची वर्णी लागली. पहिली फेरी जिंकला तर कार्ड राहणार, नाही तर पुन्हा एकशेवीस नंबर! डेपोने त्याचा गणवेश धुऊन, इस्त्री करून ठेवल्याचं कळलं होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत त्याची बायको मेनिर एकदम गुडघ्यांवर बसली आणि डावीकडच्या कपाटाखाली हात घालून चाचपू लागली.

"काय शोधतेस?"

"कानातला मोती पडला."

"अगं, तो तुझ्या पायाशीच आहे की!"

मेनिरने मोत्याकडे पाहिलं. मोती ढिम्म हलेना.

"इदू, घरी काही पडलं की आपण कुठे शोधतो?"

"डावीकडे, ओव्हनखाली."

"का?"

"का म्हणजे? तिकडेच जातं ना सगळं!"

मेनिरने जागच्या जागी पडलेल्या मोत्याकडे बोट दाखवलं. गावाखालचा कोळसा शंभर वर्षं उपसल्यावर घरं कलणारच. टेबलाच्या एका पायाखाली पाटीचा तुकडा आमच्याकडे कुणाच्या घरी नसतो? त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण इदवालचं स्वयंपाकघर डावीकडे कललेलं, क्लबही डावीकडे कललेला, आणि तोल सावरायला हा गृहस्थ एकोणीस वर्षं उजवीकडे झुकून डार्ट फेकत होता!

"म्हणजे सपाट जमिनीवरही मी उजवीकडेच..." इदवालने स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"बूट काढ. उजवा!" मेनिर म्हणाली. खालच्या बारमधून तिने ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या तीन चकत्या आणल्या आणि बुटात कोंबल्या, म्हणजे उजवा पाय घरच्यासारखाच वर. "पंचांना यातलं अवाक्षर कळता कामा नये."

दुपारी इदवाल लंगडत मंचावर चढला. समोर डच खेळाडू, विजेच्या खांबाएवढा. पहिला डार्ट सुटला आणि नेमका मधल्या लाल पट्टीत! दुसरा, तिसरा तिथेच! शेवटच्या डावात फक्त दुहेरी सोळाची बारीक पट्टी लागायला हवी होती. मंच परका होता. पण पाय घरी उभा होता. लागली! इदवाल मंचावरच रडला.

"दुखऱ्या पायाने हा वीर लढला!" टीव्हीवरचा समालोचक गहिवरला.

तिथेच घोटाळा झाला. गावी परततो तो काय, क्लबात मऊ खुर्ची मांडलेली, पायाखाली उशी, औषधी मलमाच्या सात डब्या!

"आता नीट चाललास तर पंचायत होईल," मेनिर कानात पुटपुटली. "लंगड!"

मग काय, तीन चकत्यांसकट इदवाल लंगडत बोर्डापाशी आला. दिवस मंगळवारचा होता आणि हेडन डार्ट घेऊन तयारच होते. कलत्या जमिनीवर चढवलेला बूट! इदवालचा पहिला डार्ट डावीकडे भिंतीत. दुसरा त्याच्याच स्वागताच्या फलकात, फोटोतल्या थेट नाकावर. तिसरा कुठे गेला, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

एकोणीस वर्षांनी हेडन बेडो जिंकले. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. इदवालने तोंड उघडायला आणि मेनिरने त्याच्या डाव्या पायावर पाय द्यायला एकच गाठ पडली.

"वाईट नको वाटून घेऊस, इदवाल," हेडन वरूनच मायेने म्हणाले. "टीव्हीवर काय, कुणीही जिंकतं. इथं जिंकणं अवघड!"