बाथरूममधला सोळा वर्षांचा पोरगा

काकांचं वय पन्नाशीच्या पुढे, पोट त्याच्याही पुढे. आवाज मात्र सोळाव्या वर्षी जो अडून बसला तो तिथेच. फोन उचलला की पलीकडचा म्हणणार, "बाळ, बाबांना दे." या अपमानावरच त्यांचं घर चालायचं म्हणा. परदेशी सिनेमांतल्या कोवळ्या पोरांना काका मराठीत आवाज द्यायचे. शाळेतल्या पहिल्या प्रेमाचा सिनेमा आला, की काकांना बोलावणं आलंच.

या खेपेला गाडी एका वाक्यावर अडली. पोरगा सायकल धरून पोरीसमोर उभा राहतो आणि म्हणतो, "मला तू आवडतेस. बास, एवढंच." काका ते असं म्हणायचे, की जणू बँकेत पासबुक भरून मागतायत. शेवटी डबिंगच्या दिग्दर्शकाने सांगून टाकलं, उद्या जमलं नाही तर खराखुरा कॉलेजचा पोरगा घेतो. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. या आवाजाला दुसरं काम कोण देणार?

काकू हसतील म्हणून त्यांनी बाथरूम गाठलं. बादली पालथी घालून बसले आणि सुरू झाले. कधी लाजून, कधी धापा टाकत, कधी गळा काढून. बाथरूमची खिडकी ज्या बोळकांडीत उघडते, तिथेच वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या डॉक्टरांचीही उघडते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि डॉक्टरांची मुलगी होती नववीत.

संध्याकाळी डॉक्टर दारात उभे. मागे रडून डोळे सुजलेली मुलगी. ती बिचारी शपथा घेत होती, की मी कुणाला ओळखत नाही. पण तिचा मोबाईल जप्त झाला होता, शाळेची सहलही रद्द झाली होती.

"तुमच्या पोराला बाहेर काढा," डॉक्टर म्हणाले.

"घरात पोरगा नाहीये हो," काका म्हणाले.

त्यासरशी डॉक्टर त्यांना बाजूला सारून मागे डोकावले. आता बोलला तो कुठाय म्हणून त्यांनी पलंगाखालीही पाहिलं. आत चोर शिरला असं समजून काकू झाडू घेऊन धावत आल्या.

काकांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांना पटेना. म्हणाले, म्हणून दाखवा.

आता म्हणायचं कुणाकडे बघून? मुलीकडे बघायची सोय नाही, डॉक्टरांकडे बघून शब्द फुटेना. उरल्या काकू. इतका संसार झाला, पण हे काही काकांनी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. ते काकूंकडे वळले.

"मला तू आवडतेस." मध्येच आवाज चिरकला. "बास... एवढंच."

काकूंच्या हातातला झाडू खाली पडला. डॉक्टरांनी गुपचूप मोबाईल मुलीच्या हातात दिला, आणि सहलीला जा म्हणाले. जाता जाता मुलगी म्हणाली, "काका, हे खरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी काका ऐटीत स्टुडिओत गेले, माइकसमोर तोंड उघडलं, आणि आतून घोगरा, भारदस्त बाप बोलला. बाथरूममधल्या सरावाने घसा पार बसला होता. कॉलेजच्या पोराने ते वाक्य एका फटक्यात म्हटलं. काकांना सिनेमातल्या पोराच्या बापाचं काम मिळालं.

घरी आल्यावर त्यांनी त्याच आवाजात सगळी हकिगत सांगितली. काकू ऐकत राहिल्या.

"अहो, कालचं ते या आवाजात म्हणा बघू."

काका कानापर्यंत लाल झाले. "थांब, जरा सराव करून येतो," म्हणाले, आणि बाथरूममध्ये शिरून त्यांनी आतून कडी लावली.