बायकोची ओळख पटवताना

गावच्या ग्रंथालयात ‘इंटरनेटवर सुरक्षित कसे राहावे’ असा एक फुकट वर्ग होता, वर कॉफी आणि डोनट. मी डोनटसाठी गेलो (हे माझ्या बायकोला, ओलेस्याला, सांगितलेलं नाही) आणि शहाणा होऊन परतलो. फिशिंग म्हणजे गोड बोलून गळाला लावणं, पासवर्डात कुत्र्याचं नाव घालू नये, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे हल्ली भामटे आपल्याच माणसाचा आवाज काढून फोन करतात. “कुणी घाईघाईनं मदत मागितली, तर आधी ओळख पटवा,” शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. मी ते फारच मनावर घेतलं.

त्याच आठवड्यात आमच्या मॅनिटोबात, म्हणजे कॅनडाच्या या थंडगार प्रांतात, हिमवादळ आलं. ओलेस्या चर्चच्या जेवणासाठी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, वळायला गेली होती. संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“स्टेफन, गाडी घसरून चरात गेलीय. माझा फोन थंडीनं मेला, हा इथल्या एका शेतकऱ्याचा आहे. ट्रक घेऊन ये.”

आवाज हुबेहूब तिचा. म्हणूनच मला संशय आला.

“बाई, आधी ओळख पटवा.”

“डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

(हेही हुबेहूब. भामट्यांचा अभ्यास दांडगा होता.)

“आपल्या लग्नाची तारीख सांगा.”

“एकोणीस जून.”

“चूक. एकवीस,” म्हणून मी फोन ठेवला.

एवढा पराक्रम पोटात कसा राहणार? शेजारच्या मायरनला फोन लावला. “अरे, सायबर हल्ला परतवला मी.”

“हल्ला कसला, बायको होती तुझी,” मायरन म्हणाला. “आत्ता मला फोन केला तिनं. निघालोय आणायला. आणि लग्न एकोणीसलाच झालं. अंगठ्या माझ्या खिशात होत्या.”

मी खिडकीशी उभा राहिलो. बाहेर नुसतं पांढरं. काच पुसायची, बघायचं, पुन्हा पुसायची. शेवटी मायरनच्या ट्रकचे दिवे दिसले आणि मी मोज्यांवरच अंगणात धावलो. ओलेस्या धडधाकट उतरली. शेतकऱ्याच्या बायकोनं तिला गरम बोर्श्ट, म्हणजे बिटाचं सूप, पाजलं होतं, तारीख न विचारता. मी तिला घट्ट मिठी मारली.

“पटली ओळख?” ती म्हणाली.

घरात आल्यावर तिनं तोडगा काढला. “आपण एक गुप्त शब्द ठरवू. फोनवर मी तो म्हटला की समजायचं, मीच आहे.” शब्दही तिनंच निवडला : ‘ठोंब्या’.

दुसऱ्या दिवशी मी मायरनला सहज म्हटलं, “आमचा एक गुप्त शब्द ठरलाय. जन्मात ओळखणार नाहीस.”

त्यानं पहिल्याच फटक्यात ओळखला.