हॉलमधला दर्या

हॉलच्या भिंतीवर पहिला घाव पडला तेव्हा निर्मलाबाई लोणच्याच्या आवळ्यांना मीठ लावत होत्या. आपल्या घराची भिंत आज फुटणार आहे, हे त्यांना त्या घावानेच कळलं. मिठाचे हात तसेच पुढे धरून त्या बाहेर धावल्या. बघतात तो गवंडी घण उचलतोय आणि शांतीलाल पाटील त्याला पाण्याचा तांब्या देताहेत.

"अहो! हाई काय चाली ऱ्हायनं?"

"काच दारमाईन येत नही," शांतीलाल म्हणाले. "म्हनीसन भिंत काढी ऱ्हायनूत."

"काचसाठे भिंत पाडतस? काच बारीक करा ना!"

"बारीक काचमा दर्या मावत नही," शांतीलाल म्हणाले आणि गवंड्याला मान हलवून इशारा केला. दुसरा घाव पडला.

शांतीलालनी जन्मभर शहाद्याजवळच्या शेतात केळी आणि पपई पिकवली होती. गेल्या वर्षी शेती मुलाच्या, जगदीशच्या, हाती दिली आणि मित्रमंडळींबरोबर बेटांची सहल केली. तिथे तळाला काच असलेल्या होडीतून त्यांनी प्रवाळांची बाग पाहिली आणि होडी किनाऱ्याला लागेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. लग्न झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. परत आल्यावर ते मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले आणि एके दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, की आपल्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दर्या करायचा. चार मासे सोडलेली शोभेची पेटी नव्हे, आख्खी प्रवाळांची बाग.

निर्मलाबाईंनी तेव्हा लक्ष दिलं नाही. याआधी नवऱ्याच्या डोक्यात मधमाश्या आल्या नि गेल्या, मोत्यांची शेती आली नि गेली, तसा हा दर्याही ओसरेल असं त्यांना वाटलं. तिथेच त्या चुकल्या.

भिंतीतून काच आत आली. टाकीखालचा लोखंडी सांगाडा उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या कारागिराने जोडून दिला. सांगाडा हत्ती उभा राहील इतका मजबूत होता, पण सवयीने त्याने पुढच्या बाजूला ट्रॅक्टरला अडकवायचा हुकही लावला होता. मग मिठाच्या गोण्या आल्या. त्या उतरवताना गल्लीतल्या लोकांनी पाहिल्या आणि पाटलांनी मिठाचा धंदा काढला अशी बातमी बाजारापर्यंत गेली. शेवटी सुरतेहून जीप आली. तिथल्या एका व्यापाऱ्याने आपली जुनी टाकी मोडायला काढली होती. तिच्यातली वाढवलेली प्रवाळं आणि दगड शांतीलालनी उचलले होते.

"दगडं?" निर्मलाबाईंचा आवाज चढला. "सुरतथून दगडं आनात? आपला सातपुडा काय खपी गया?"

"हाई जिवत दगडं शेतस."

"जिवत शेतस ते चालत येवाले पाहिजे व्हतात! जीप कसाले करी?"

यामिनी, त्यांची सून, तोंडाला पदर लावून आत पळाली.

टाकी भरली. शेजारच्या तापीबाई सगळ्या गल्लीच्या वतीने दर्या पाहायला आल्या. पिवळसर पाणी आणि त्यात बसलेले दगड त्यांनी बराच वेळ न्याहाळले.

"भाऊ, मासा कोठे शे?"

"येतीन. आधी पानी पिकनं पाहिजे."

"पानी पिकस?" तापीबाईंनी निर्मलाबाईंकडे पाहिलं. "केळं शे का ते?"

निर्मलाबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नवऱ्याचा राग येतच होता. पण आपल्या घरच्या वेडाला बाहेरच्या बाईने हसावं याचा राग त्याहून वेगळा असतो, आणि तो काढायला जागा नसते.

पाणी पिकलं, म्हणजे माशांना मानवेल असं झालं, आणि दर्याचे कायदे लागू झाले. दर्याला धूर चालत नाही, म्हणून अगरबत्ती बंद. डासांची कॉइल बंद, मग डास चावले तर चावोत. तांबं म्हणजे प्रवाळांना विष, म्हणून देवघरातला तांब्याचा कलश, पळी, ताम्हण सगळं माळ्यावर. हॉलमधला गारवा हलता कामा नये, म्हणून झोपायच्या खोलीतला एसी काढून तिथे बसवला. वीज गेली की शेतातून आणलेला जनरेटर अंगणात धडधडायला लागायचा. निर्मलाबाईंनी हे सगळं दात-ओठ खात सोसलं. मग एका सकाळी त्या मिरचीची फोडणी देत असताना शांतीलाल धावत स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी गॅसच बंद केला.

"मिरचीना खकाना पानीमा उतरस! प्रवाळं मिटी गयात, देख!"

तेलात अर्धवट तडतडलेली मोहरी गप्प झाली.

"नंदुरबार जिल्हामा," त्या सावकाश म्हणाल्या, "मिरचीनी फोडनी बंद?"

"बंद नही. मांगे अंगनमा दे."

भर चैत्रात निर्मलाबाईंची चूल मागच्या अंगणात गेली. वर पत्रा, समोर ऊन आणि बाजूला कुंपणावरून डोकावणाऱ्या तापीबाई. फोडणी देताना त्या मुद्दाम दोन मिरच्या जास्त टाकायच्या आणि वारा हॉलच्या दिशेने असेल तर तीन.

"आत्याबाई, तुम्ही एकदा बघा तरी आत," यामिनी सासूला म्हणायची. मासे आले होते, दगडांवरची प्रवाळं फुलली होती. जांभळ्या पंख्यासारखं एक, बोटं हलवल्यासारखं हिरवं एक, आणि त्यांच्यामधून एक हळदीसारखा पिवळाधमक मासा फिरायचा. निर्मलाबाई जाता-येता तिरक्या नजरेने बघायच्या आणि चिडायच्या. इतका छळ करणारी वस्तू निदान कुरूप तरी असायला हवी होती.

मे महिन्यातल्या एका दुपारी सगळं घर हॉलमध्ये होतं, कारण गारवा तिथेच होता. शांतीलाल यामिनीला प्रवाळ म्हणजे झाड की प्राणी हे समजावून सांगत होते.

"टक्!"

काचेचा पेला तडकावा तसा आवाज.

"टक्!"

"मामा," यामिनी उभी राहिली, "काच तडकली!"

यानंतर पाटलांच्या घरात जे झालं ते तापी नदीला पूर आल्यावरच होतं. जगदीशला शेतातून बोलावलं. त्याने आणि गड्यांनी गव्हाच्या गोण्या गच्चीवर नेल्या. टीव्ही कपाटावर चढला. देवघरातले देव टोपलीत घालून यामिनीने तापीबाईंकडे पोचवले. शांतीलालनी सुरतेच्या काचवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "पहले पानी खाली करो, फिर बात करो." एवढं ऐकून शांतीलाल सोफ्यावर बसले आणि त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं.

"अहो, उठा! पानी काढानं शे!"

"जाऊ दे. बुडी गयं सगळं."

निर्मलाबाईंनी पदर खोचला. पाण्याचा पाइप मागच्या दाराने बाहेर सोडायला लावला. पापडांच्या पिठाचा मोठा स्टीलचा टोप, धुण्याचे टब, लग्नकार्याची पातेली, जे हाताला लागलं ते हॉलमध्ये आणलं. आधी दर्याचंच पाणी त्यांत भरलं, एका टबात दगड, दुसऱ्यात प्रवाळं आणि टोपात मासे. पिवळा मासा कुणालाच सापडेना. निर्मलाबाईंनी चाळण पाण्यात धरली आणि त्याला ओरडल्या, "ये रे भाऊ, मी काय तुले कापी ऱ्हायनू का?" मासा चाळणीत आला.

काचवाला लगेच येईना. तो दुसऱ्याच कामात अडकला होता. तोवर टोपातल्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारं यंत्र चालतंय का, पाणी तापतंय का, हे निर्मलाबाई बघत राहिल्या. शांतीलालनी दुःखाने अंथरूण धरलं होतं. बाईंनी टबांभोवती ओल्या चादरी बांधल्या, बर्फाच्या पिशव्या पाण्यावर तरंगवल्या आणि टब ओलांडून जाणाऱ्या प्रत्येकावर खेकसल्या.

काचवाला आला. बॅटरी घेऊन त्याने कोपरा न् कोपरा तपासला, बोटाने वाजवला, आरशासारखा पुसला. शांतीलाल उठून त्याच्या मागे उभे होते, जगदीश होता, यामिनी होती. चारही डोकी रिकाम्या टाकीत वाकलेली.

"सेठ, इसमें तो बाल जितनी भी दरार नही है."

"मंग आवाज?"

"टक्!"

चौघांनी टाकीकडे अजून निरखून पाहिलं.

"तठे काय देखतस?" मागून निर्मलाबाईंचा आवाज आला. त्या दगडांच्या टबापाशी बसल्या होत्या. "आठे वाजी ऱ्हायनं."

त्यांनी एक दगड उचलला, झटकला. भोकातून बोटाएवढा एक झिंगा बाहेर पडला. एक नांगी बारीक, दुसरी त्याच्या अंगाला न शोभणारी, भली थोरली. त्याने ती उघडली आणि मिटली.

"टक्!"

काचवाला हसता हसता फरशीवर बसला. "सेठ, ये तो इसकी आदत है! शिकार को ऐसे ही आवाज से मारता है. पत्थर के साथ आया होगा!"

नेमक्या त्याच वेळी मागच्या दारातून तापीबाई आत आल्या. त्यांच्या हातात कढीपत्त्याची सुकून काळी पडलेली फांदी होती. पाइपातलं सगळं खारं पाणी उतारावरून त्यांच्या परसात गेलं होतं.

"बारा महिना गल्लीले कढीपत्ता देनारं झाड!" तापीबाई कडाडल्या. "तुमना दर्यानी मारी टाकं! आनि मी तुमना देव सांभाळी ऱ्हायनू!"

शहादा गाव लहान नाही, पण अशी बातमी त्यालाही पुरून उरते. दुसऱ्या दिवशी बाजारात चहावाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी शांतीलालना विचारलं, "पाटील, झिंगा कसा शे?" ते तणतणत घरी आले आणि त्यांनी चपला फेकल्या.

"बस! सगळं इकी टाकसू. एक हाटेलवाला टाकी देखाले येवाना शे, त्याले देसू. आनि तो झिंगा गटारमा फेका!"

निर्मलाबाई टोपाजवळून उठल्या. इतके महिने साठलेलं सगळं आता बाहेर आलं.

"इकतस? कोनले इचारीसन?"

"तुलेच ते नको व्हतं ना?"

"माले नको व्हतं तव तुम्हीन ऐकं का? मन्ही भिंत पाडी, मन्ही चूल उन्हमा काढी, मन्हा देव दुसराना घर गयात! मी आठे बसीसन ह्या जीव जगाडात, तुम्ही तोंडवर चादर लिसन पडेल व्हतात. आनि आते चार मानसं हसनात म्हनीसन हाटेलवालाले देतस? मी नही देवाव!"

"पन निर्मला..."

"आनि तो झिंगा गटारमा जावाव नही. त्यानं काय पाप करं? तुमले समजनं नही, ते त्याना दोष शे का?"

हॉटेलवाला आला, त्याला यामिनीने दारातूनच चहा देऊन वाटेला लावलं. टाकी पुन्हा भरली, पण यावेळी मीठ निर्मलाबाईंनी मोजलं. लोणचं घालणाऱ्या बाईला मिठाचं प्रमाण शिकवायला गेलेल्या शांतीलालना त्यांनी हाताने बाजूला सारलं. झिंग्याला वेगळी काचेची पेटी मिळाली. तापीबाईंना कढीपत्त्याची दोन रोपं गेली, आणि त्यांचं तोंड बंद झालं नाही तरी देव परत आले.

आता संध्याकाळी निर्मलाबाई टाकीसमोर खुर्ची टाकून बसतात. कुणी काच ठोकली, मोठ्याने बोललं, दिवा लावला की ओरडतात. पाण्यात हात घालायची परवानगी फक्त यामिनीला आहे, तीही कोपरापर्यंत धुतल्यावर. शांतीलालनी परवा एक प्रवाळ जरा डावीकडे सरकवायचं म्हटलं, तर त्यांना हॉलमधून बाहेर काढण्यात आलं.

ते तसेच उठून शेजारी गेले आणि तापीबाईंच्या ओट्यावर बसले. तापीबाई निवांत मिरच्या निवडत होत्या.

"देख ना व, तापीबाई," शांतीलाल तावातावाने म्हणाले, "आपलाच घरमा आपलंच कोनी ऐकत नही! हाई काय जगनं शे?"

तापीबाईंनी देठ तोडला, मिरची सुपात टाकली आणि सूप त्यांच्यापुढे सरकवलं.

"तठे काही काम नही ना तुमले? मंग निवडा."