कादरी सरांचं विस्थापन

कादरी सरांना "किती लांब आहे?" असं विचारायची सोय नव्हती. ते दोन आकडे सांगायचे. एक पायांनी कापलेलं अंतर. दुसरं विस्थापन, म्हणजे निघालो तिथून पोचलो तिथवर सरळ रेषेत किती. दोन चौकांना वळसा घालून क्लासला आले की घाम पुसत म्हणायचे, "चाललो लई, मॅडम. सरकलो थोडा."

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. आमच्या क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवायची, सर भौतिकशास्त्र. मालकांचा हुकूम होता, तासाला चाळीस प्रश्न सोडवून घ्या. सरांनी एका रविवारी सकाळी अख्खी बॅचच गोलाईत नेली. गोलाई म्हणजे आमची गोल बाजारपेठ. अर्धी फेरी झाल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि समोर बोट दाखवलं.

"चाललो अर्धं वर्तुळ. सरकलो फक्त एवढा व्यास. आता पुरी फेरी!"

पुरी फेरी मारून मुलं जिथून निघाली होती त्या फुलवालीसमोर पुन्हा आली.

"आता विस्थापन किती?"

मुलांच्या आधी फुलवालीच बोलली, "किती म्हंजे? हितंच तर हाईत तुमी! उगं लेकरांना दमवून राहिले."

सर खूश! "हाव! शून्य! मावशी, तुम्ही पास."

मालकांनी कपाळाला हात लावला. पण वर्तुळाचा प्रश्न त्या बॅचमधल्या कुणाचा चुकल्याचं मला आठवत नाही.

त्याच बॅचमधल्या शीतलनं एकदा भर तासाला विचारलं, "सर, भूकंपानंतर आमचं गाव हलवलं. ते किती विस्थापन झालं?"

"कुठलं गाव?"

तिनं नाव सांगितलं. सरांनी खडू खाली ठेवला. ते त्यांचंही गाव होतं, औशाकडचं. हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तू कुणाची?"

"टेलरची."

"तुझ्या बापानं माझा शाळेचा शर्ट शिवलाय."

भूकंप झाला तेव्हा शीतल पाळण्यात होती. जुनं गाव तिनं पाहिलंच नव्हतं. वडील तिकडं कधी नेत नसत. सरांनी तिच्या घरी जाऊन परवानगी काढली, मलाही सोबत यायला सांगितलं आणि पुढच्या रविवारी आम्ही तिघं एसटीनं निघालो.

जुन्या गावात दगडांचे ढीग आणि बाभळी. सर मात्र झपाझप पुढं. "ही तुमची गल्ली. हा ओटा. इथं तुझ्या बापाची मशीन खडखडायची, अन् तुझी आजी त्याच्यावर ओरडायची, लेकरू झोपलंय म्हणून. ते लेकरू तूच." शीतल त्या ओट्यावर बसली, हसली आणि मग रडली.

डोळे पुसून तिनं विचारलं, "सर, तुमचं घर?"

"तिकडं, लिंबापलीकडं." सर जागचे हलले नाहीत. "मी न्हाई गेलो अजून. त्या रात्री मी लातुरात होतो, शिकायला. अम्मी घरात एकटी होती."

इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारच्या वर्गात शिकवत होता. मी त्याला कधी काही विचारलं नव्हतं.

शीतल उठली. "चला सर, मी येते संगं."

मी मागंच थांबले. दोघं लिंबापलीकडं गेली. तिथं भिंत नव्हती, चौकट नव्हती, नुसतं गवत. सरांनी चपला काढल्या. मग बुटक्या दारातून आत जावं तसं डोकं खाली वाकवून त्यांनी आत पाऊल टाकलं.