पंधरा मिनिटांचा घरमालक

"आठ दिवसांत घर शोधून दाखवतो! नाहीतर प्लंबर म्हणवून घेणार नाही!" असं मी बायकोला ठणकावून सांगितलं. तोंडात घास होता, त्यामुळे लगेच ठसका लागला. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, "आणि नाही मिळालं तर?"

"न मिळायला काय झालं? या किनाऱ्यावरच्या निम्म्या घरांचे नळ मी बसवलेत. मला कोण नाही म्हणेल?"

सगळे म्हणाले.

झालं असं, की अकरा वर्षांनी आमच्या घरमालकाला साक्षात्कार झाला. आम्ही महिनाभरात देतो तेवढं भाडं समुद्र बघायला आलेले पाहुणे चार दिवसांत देतात! महिनाअखेर घर रिकामं करा, म्हणाला. वर चेहरा असा, जणू अकरा वर्षं आम्हीच त्याला लुबाडत होतो! बायको इथल्याच हॉस्पिटलात नर्स, मुलगी तिसरीत. जायचं कुठे?

आणि घरं नाहीत असं थोडंच आहे? अख्खी रांग आहे समुद्राकाठी! वर्षाचे दहा महिने कुलपं लावून मालकांची वाट बघत बसलेली. खाऱ्या वाऱ्याने त्यांचे पाइप गंजतात, ते बदलायला मात्र मला बोलावतात. माणूस नसला तरी चालेल, पाइप नवा पाहिजे! माझ्या डोक्याचा असा कुकर झाला होता की शिट्टी तेवढी वाजायची बाकी होती.

पहिल्या घराच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'समुद्र दिसतो'. दिसत होता. कमोडवर उभं राहून, मान डावीकडे मोडली तर! दुसरं घर म्हणजे गॅरेज. दार तेच, खिडकी तीच, दोन्ही मिळून एक शटर. तिसऱ्या मालकाला लहान मूल नको, रात्रपाळी नको, फोडणी नको.

"मग आमचे फोटो पाठवून देऊ का राहायला?" मी विचारलं. त्याने फोन आपटला.

आठव्या दिवशी एजंटचा फोन आला. "चार वाजता या. दोन खोल्या, भाडं तुम्हाला झेपेल असं. मालकीणबाईंना घेऊन येतो. फक्त तुम्हालाच सांगतोय हं!"

मी साडेतीनलाच पोचलो. रंगारी आतलं काम आटपून निघाला होता, दार उघडंच. स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता. मी दार लोटून घेतलं. म्हटलं, बाई यायच्या आत वॉशर बदलून ठेवू, छाप पडेल! हात पुसतो न पुसतो, तोच बेल वाजली.

दार उघडलं, तर जिन्यावर खालपर्यंत माणसंच माणसं! 'फक्त तुम्हालाच' असे तेवीस जण.

"नमस्कार मालक!" सर्वांत पुढच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या आणि कागदांची फाइल माझ्या छातीवर टेकवली.

"अहो, मी मालक नाही!"

"बरोबर आहे, बाई! मालक असं सगळ्यांदेखत कबूल करतो का कुठे?" मागून एक आजोबा म्हणाले.

एका जोडप्याने कुत्र्याचा फोटो नाचवला. "हा अजिबात भुंकत नाही, साहेब!"

"का बरं?"

"म्हातारा झालाय. त्याला चोर दिसतच नाही!"

मी तीनदा सांगितलं, कुणी ऐकेना. जो तो मला ढकलत आत घुसायला बघत होता. वाटलं, हे घर हातचं जातंय! आणि मग मला अवदसा आठवली. यांना घाबरवून पळवून लावू!

"ऐका!" मी ओरडलो. "भाडं दुप्पट आहे!"

जिन्यात बोटांवर हिशेब सुरू झाले.

"चालेल," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

"पाणी एक दिवसाआड येतं!"

"बादल्या आणल्यात!"

"भिंतींना ओल आहे!"

"उन्हाळ्यात गारवा!"

"मी कधीही तपासणीला येईन!"

"या की, जेवायलाच या!"

आता मात्र शिट्टी वाजली. "अरे, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? या दोन खुराड्यांना दुप्पट भाडं देता? तुम्हीच देता, म्हणून हे लोक मागतात! कणा आहे की नाही एकालाही?"

भिंतीला टेकलेला एक आचारी हळूच म्हणाला, "साहेब, चार महिने गाडीत झोपतोय. कणा आहे, पण तो आडवा करायला जागा नाही."

आता राग काढायचा तरी कुणावर? ही तर सगळी माझ्यासारखीच माणसं!

"मी प्लंबर आहे हो," मी पुटपुटलो. "मलाही घर हवंय."

"मग दुप्पट भाडं कुणी सांगितलं?" शिक्षिकाबाईंनी फाइल उगारली. तेवीस जण एक एक पायरी वर चढू लागले.

तेवढ्यात खालून आवाज आला, "दुप्पट? आणि तयार आहेत सगळे?"

जिन्याच्या तळाशी एजंट उभा होता, आणि त्याच्या शेजारी गॉगल लावलेल्या, प्रसन्न चेहऱ्याच्या मालकीणबाई. त्यांनी एजंटकडे रागाने बघितलं. "आणि तुम्ही मला म्हणत होता, आहे ते भाडंसुद्धा कुणी देणार नाही!"

घर कुत्र्यावाल्यांना गेलं. दुप्पट भाड्याने!

बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे," ती म्हणाली, "घर आणायला गेलात आणि गल्लीचा भाव वाढवून आलात?"

महिनाअखेर आमचं सामान मेहुण्याच्या व्हरांड्यात गेलं आणि आम्ही तिघं त्याच्या बैठकीच्या खोलीत. मेहुणा रोज सकाळी आमच्यावरून उडी मारून दूध आणायला जातो.

परवा मालकीणबाईंचा फोन आला. "माझं दुसरं घर रिकामं होतंय. त्या दिवशीसारखेच जिन्यात उभे राहाल का? भाडं दुप्पट सांगायचं, तसंच रागावून! बदल्यात त्या घरामागची खोली तुम्हाला अर्ध्या भाड्यात देते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! काय समजतात काय हे लोक आम्हाला? गरजवंताला अक्कल नसते म्हणून विकत घेतात? चांगलं खडसावायला मी तोंड उघडलं.

तोंडातून निघालं, "किती वाजता येऊ?"

बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, मेहुणा आमच्यावरून उडी मारून गेल्यावर, तिने भिंतीकडे बघत विचारलं, "खोलीला खिडकी आहे का?"